१९६३ च्या चार पोटनिवडणुका

लोकशाही राज्यपद्धतींत पोटनिवडणुकीइतकी लहान घटना क्वचित्‌च असेल, आणि जिच्यावर तिच्या आकारापेक्षां इतका मोठा अर्थ लादला जातो अशीही दुसरी घटना सांपडणार नाहीं. एखादा सभासद मृत्यु पावतो किंवा राजीनामा देतो; एका मतदारसंघांत कांहीं आठवडे सभा, मिरवणुका व मोटारींची धांवपळ होते; मतें मोजलीं जातात; आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्र उघडावें तों त्या एका जागेवरून साऱ्या देशाचें भविष्य वर्तविलेलें असतें. जिंकणारा म्हणतो, ही नव्या युगाची नांदी आहे. हरणारा म्हणतो, स्थानिक कारणें होतीं. पुढील खेपेस पारडें फिरलें म्हणजे हींच दोन वाक्यें दोघेही अदलाबदल करून म्हणतात, आणि तसें करतांना कोणास संकोच वाटल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

याचें कारण शोधण्यास फार लांब जावयास नको. सार्वत्रिक निवडणुकींत मतदारास विचारलेला प्रश्न ठरलेला असतो: राज्य कोणीं करावें? पोटनिवडणुकींत हा प्रश्नच नसतो. एका जागेनें सरकार पडावयाचें नाहीं हें मतदारास पक्कें ठाऊक असतें. म्हणून तो निर्धास्तपणें रागावतो, निर्धास्तपणें एखाद्या माणसाचा मान राखतो, किंवा निर्धास्तपणें घरीं बसतो. उत्तर हातीं येतें, पण तें कोणत्या प्रश्नाचें हें मतपत्रिकेवर लिहिलेलें नसतें. मग प्रत्येक पक्ष आपल्यास सोयीचा प्रश्न त्या उत्तराच्या डोक्यावर लिहितो. इतक्यानें भागलें तर करमणूक म्हणून सोडून देतां येईल. परंतु पक्ष आपण लिहिलेला प्रश्न खरा मानून पुढील चार-पांच वर्षांचें धोरण आंखूं लागले म्हणजे गोष्ट इतिहासाच्या कक्षेंत येते. मे १९६३ मध्यें लोकसभेच्या ज्या चार पोटनिवडणुका झाल्या त्यांच्या बाबतींत असेंच घडलें. आमच्या मतें त्यांतून निघालेला अर्थ हिशेबाच्या दृष्टीनें बरोबर व राजकारणाच्या दृष्टीनें अपुरा होता, आणि त्या अपुरेपणाची किंमत अनेक पक्षांनीं मोजली.

त्या वेळची परिस्थिति थोडक्यांत ध्यानीं घेतली पाहिजे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत काँग्रेसनें लोकसभेच्या ४९४ जागांपैकीं ३६१ जिंकल्या होत्या. आचार्य कृपलानी उत्तर मुंबईंत कृष्ण मेनन यांच्याकडून पराभूत झाले होते; डॉ. राममनोहर लोहिया फूलपुरास खुद्द पंडित नेहरूंशीं झुंजून हरले होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत चीनचें आक्रमण झालें, नेफांतील आपली फळी कोसळली, आणि ज्या मेनन यांना मुंबईनें निवडून दिलें होतें त्यांना संरक्षणमंत्रिपद सोडावें लागलें. त्यांच्या जागीं यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले; हिमालयाच्या हाकेस सह्याद्रि धांवला, असें तेव्हां महाराष्ट्रांत घरोघर बोललें जात होतें. १९६३ सालीं नाशिकच्या पोटनिवडणुकींत ते अविरोध निवडून आले. विरोधी पक्षांनीं तेथें उमेदवारच उभा केला नाहीं. या नाशिकच्या निकालाचा अर्थ मात्र कोणास फोडून सांगावा लागला नाहीं.

परंतु युद्धाच्या पहिल्या आंचेनें जें ऐक्य उत्पन्न झालें होतें तें उन्हाळ्यापर्यंत ओसरलें. मोरारजी देसाई यांच्या अंदाजपत्रकांत संरक्षणखर्चासाठीं जबर कर बसले. सक्तीच्या बचतीची योजना लहान पगारदाराच्याही पगारास भिडली. आणि जानेवारींत निघालेल्या सुवर्णनियंत्रणाच्या हुकुमानें चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी होऊन गांवोगांवचा सोनार रिकाम्या बागेसरीपुढें बसला. पराभवाची लाज आणि कराचा भार हीं दोन्ही एकदमच आल्यानें लोकांचें मन कडवट झालें होतें. अशा वेळीं चार जागांचा कौल मागण्यांत आला.

पहिली अमरोह्याची. उत्तर प्रदेशांतील मुरादाबाद जिल्ह्याकडील हा मतदारसंघ. मुसलमान मतदारांची संख्या तेथें मोठी. मौलाना हिफजुर रहमान यांच्या निधनानें तो रिकामा झाला होता. आचार्य कृपलानी विरोधी पक्षांच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यांच्यासमोर काँग्रेसनें केंद्रीय पाटबंधारे व वीज खात्याचे मंत्री हाफिज महंमद इब्राहिम यांना उतरविलें. इब्राहिमसाहेब राज्यसभेचे सभासद होते. मंत्रिपद टिकविण्यासाठीं त्यांना लोकसभेंतील जागेची मुळींच गरज नव्हती. तेव्हां मतदारयादींतील नांवें मोजून उमेदवार निवडला गेला, याखेरीज दुसरा हेतु त्यांत आम्हांस दिसत नाहीं. धर्मनिरपेक्षतेचा उच्चार ज्या पक्षानें सर्वांत मोठ्यानें केला त्यानेंच हा हिशेब केला, आणि तो हिशेबही चुकला. कृपलानी निवडून आले.

याच इब्राहिमसाहेबांची एक जुनी पोटनिवडणूक येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. १९३७ सालीं ते संयुक्त प्रांतांत मुस्लिम लीगच्या तिकिटावर विधानसभेवर आले, मग काँग्रेसला मिळाले व गोविंद वल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळांत बसले. लीगनें विश्वासघाताचा आरोप करतांच त्यांनीं जागेचा राजीनामा दिला, बिजनोरकडील आपल्या मतदारांपुढें काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते पुन्हां गेले, आणि जिंकले. असें धैर्य पक्षांतर करणाऱ्यांत त्यापुढें फारसें दिसलें नाहीं, हें त्यांच्या श्रेयाच्या खातीं नमूद केलेंच पाहिजे. मुसलमान जनता लीगच्या नव्हे, आपल्या पाठीशीं आहे, असा अर्थ काँग्रेसनें त्या विजयाचा लावला. पुढें १९४५ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकींत मुसलमानांसाठीं राखलेल्या तीसच्या तीस जागा लीगनें घेतल्या. बिजनोरच्या मतदारांनीं १९३७ मध्यें आपल्या ओळखीच्या एका प्रतिष्ठित माणसाचा मान राखला होता; काँग्रेसनें तो मान आपल्या नांवावर जमा करून घेतला होता. सव्वीस वर्षांनीं त्याच माणसास घेऊन काँग्रेस अमरोह्यास गेली, आणि पोटनिवडणुकीनें दिलेलें यश पोटनिवडणुकीनेंच परत घेतलें.

दुसरी फर्रुखाबादची. येथें डॉ. लोहिया उभे होते, व त्यांच्याविरुद्ध काँग्रेसचे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. केसकर मूळचे पुण्याचे. १९५२ पासून दहा वर्षें ते माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. अभिजात संगीतास त्यांनीं नभोवाणीवर मानाचें स्थान दिलें यांत शंका नाहीं. पण त्याच भरांत चित्रपटगीतांना त्यांनीं दार लावलें, आणि सारा देश सिलोनचें केंद्र लावून बसला. लोकांची अभिरुचि हुकुमानें सुधारतां येते, असा विश्वास असलेला मनुष्य लोकांच्या मतावर निवडून येण्यास कितपत योग्य, हा प्रश्न आम्ही सहज म्हणून विचारून ठेवतों; फर्रुखाबादच्या शेतकऱ्यानें त्याचा विचार केला असेल असें नाहीं. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी कीं, लोहियांच्या प्रचारांत जनसंघाचे कार्यकर्ते उतरले, आणि त्यांची जुळवाजुळव करणारे नानाजी देशमुख हेही मराठवाड्यांतील कडोळीचे. गंगाकांठच्या त्या मतदारसंघांत एक पुणेकर हरत होता व त्याला हरविण्याच्या कामीं दुसरा मराठी मनुष्य खपत होता. लोहिया निवडून आले.

तिसरी राजकोटची. काँग्रेसचे माजी अध्यक्ष उच्छंगराय ढेबर यांनीं राजीनामा दिल्यामुळें ती जागा मोकळी झाली होती. गांधीजींचें बालपण ज्या गांवांत गेलें त्या गांवीं स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी, म्हणजे मुंबईचा एक पारशी, इंग्रजी वळणाचा, सरकारी नियोजनाचा हाडवैरी, काँग्रेसच्या जेठालाल जोशींना हरवून निवडून आला. गुजरातेंत स्वतंत्र पक्षाची मुळें बऱ्यापैकीं रुजलीं होतीं. १९६२ च्या विधानसभेंत त्याचे २६ सभासद होते. म्हणून या निकालाचें आश्चर्य इतर दोहोंइतकें वाटावयास नको.

चौथी जौनपूरची. हिची हकीकत सांगतांना लेखक नेहमीं घाईंत असतात. आम्ही येथें थोडें थांबणार आहों. वरील तिन्ही जागा काँग्रेसच्या होत्या, त्या तिनें गमावल्या. जौनपूर मात्र १९६२ सालीं जनसंघानें जिंकलेलें होतें. तेथील सभासदाच्या निधनानंतर जनसंघानें आपला सर्वांत विचारी पुढारी, पक्षाचे सरचिटणीस पंडित दीनदयाळ उपाध्याय यांना उभें केलें. विरोधकांची सहानुभूति येथेंही होती. कराचा राग येथेंही होता, चीनची लाज येथेंही होती, सोनार येथेंही बेकार होता. असें असतां काँग्रेसचे राजदेव सिंह यांनीं दीनदयाळजींचा पराभव केला. प्रतिपक्षानें ठाकूर-ब्राह्मण हा वाद पेटविला असतां आपण जातीचें नांव घेऊन मत मागणार नाहीं असा आग्रह दीनदयाळजींनीं धरला, व तोच त्यांस भोंवला, असें त्यांच्या चरित्रकारांचें म्हणणें आहे. तें खरें असेल, आणि असल्यास त्यांस भूषणावहच आहे. परंतु एका निकालापुरतें दिलेलें हें स्पष्टीकरण उरलेल्या तीन निकालांशीं लावून पाहण्याची तसदी कोणीं घेतली नाहीं.

आतां या चार उत्तरांवर कोणीं कोणता प्रश्न लिहिला तें पाहूं.

काँग्रेसनें लिहिलेला प्रश्न असा: आमची संघटना ढिली कां पडली? ऑगस्ट १९६३ मध्यें मद्रासचे मुख्यमंत्री कामराज यांची योजना तिनें स्वीकारली. थोर थोर मंत्र्यांनीं अधिकार सोडून पक्षकार्यास लागावें, अशी ती योजना. तिच्याप्रमाणें सहा केंद्रीय मंत्री व सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. केंद्रांतून मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम, मुंबईचे स. का. पाटील हे गेले, आणि प्रांतांतून कामराज स्वतः गेले. या योजनेंत त्यागाचा अंश किती व प्रतिस्पर्ध्यांना दूर करण्याचा अंश किती, याविषयीं त्या वेळींच दोन मतें होतीं. आम्हांस इतकेंच दिसतें कीं, मतदाराची तक्रार कर, महागाई व युद्धाची बेतयारी यांविषयीं होती, आणि तिला उत्तर म्हणून त्यास खुर्च्यांची फेरमांडणी दाखविण्यांत आली. ज्यांनीं खुर्च्या सोडल्या ते वर्षा-दोन वर्षांत बहुतेक पुन्हां कोठें ना कोठें बसलेले दिसले. शास्त्रीजी तर पंतप्रधान झाले.

संसदेंतील विरोधकांनीं लिहिलेला प्रश्न याहून सरळ होता: लोकांचा या सरकारवर विश्वास आहे काय? अमरोह्याहून आलेल्या कृपलानींनींच त्या ऑगस्टांत मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव आणला. लोकसभेच्या इतिहासांतील हा पहिलाच. चार दिवस चर्चा झाली. ठरावाच्या बाजूनें ६२ व विरुद्ध ३४७ मतें पडलीं. ठराव फेंटाळला जाणार हें सर्वांस ठाऊकच होतें. परंतु सोळा वर्षें जें झालें नव्हतें तें झालें: पंडितजींना विरोधकांचा एकेक आरोप बसून ऐकावा लागला व उत्तर द्यावें लागलें. देशांतील सत्तावीस कोटि माणसें रोज तीन आण्यांवर जगतात असें लोहियांनीं सांगितलें. पंडितजींनीं पंधरा आणे सांगितले. मग आण्यांचा तो हिशेब कित्येक दिवस गाजत राहिला. दारिद्र्याचें मोजमाप कसें करावें हा प्रश्न त्यामुळें अर्थशास्त्रज्ञांच्या टेबलावरून उठून सभागृहांत आला. ती दोन माणसें संसदेंत नसतीं तर हें झालें नसतें. पोटनिवडणुकांचें निःसंशय म्हणतां येईल असें फळ आमच्या मतें हेंच आहे. बाकीचें सर्व अन्वयार्थाचें आहे.

तिसरा प्रश्न लोहियांचा, आणि तोच दूरवर गेला. काँग्रेसला देशांत कधींही निम्मीं मतें पडलेलीं नाहींत. १९६२ मध्यें तिला शेंकडा ४५ हूनही किंचित् कमी मतें मिळालीं व जागा मात्र जवळजवळ तीन-चतुर्थांश. याचें कारण विरोधकांचीं मतें फुटतात. तीं एका उमेदवारामागें गोळा करा, म्हणजे काँग्रेस पडेल. अमरोहा, फर्रुखाबाद, राजकोट हे त्याचे दाखले. यास पुढें बिगरकाँग्रेसवाद हें नांव मिळालें. डावा-उजवा, धर्मवादी-समाजवादी हे भेद तूर्त बाजूस ठेवावे, आधीं ही मक्तेदारी मोडावी, असें हें त्रैराशिक होतें. एप्रिल १९६४ मध्यें लोहिया व दीनदयाळजी यांनीं हिंदुस्थान-पाकिस्तान महासंघासंबंधीं संयुक्त पत्रकही काढलें. खुद्द समाजवाद्यांतील पुष्कळांस हा सोयरसंबंध रुचला नाहीं. त्यांत पुण्याचे मधु लिमये होते. गंमत अशी कीं, १९६४ सालीं लिमयेही बिहारांतील मुंगेरच्या पोटनिवडणुकींतूनच लोकसभेंत आले.

लोहियांचें गणित चुकीचें होतें, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीनें तें अक्षरशः खरें ठरविलें. काँग्रेसचीं मतें शेंकडा चारांनीं घटलीं, पण ५२० जागांपैकीं तिच्या हातीं २८३ च राहिल्या, आणि आठ राज्यांत तिचें बहुमत गेलें. मतांत एवढीशी ओहोटी व जागांत एवढी मोठी पड, याचा उलगडा विरोधकांच्या जुळणीनें बऱ्याच अंशीं होतो. प्रश्न गणिताचा नाहीं. गणितांत घेतलेल्या एका गृहीताचा आहे. विरोधकांचा उमेदवार एकच असला म्हणजे पुरे, तो कोण आहे हें गौण, असें तें गृहीत. जौनपूर नेमकें तेथेंच आडवें येतें.

जिंकलेले तिघे कोण होते तें पाहावें. कृपलानी बारा वर्षें काँग्रेसचे सरचिटणीस व स्वातंत्र्याच्या वेळीं तिचे अध्यक्ष. १९५१ पर्यंत त्यांनीं ती सोडली नव्हती. लोहिया १९३६ मध्यें अलाहाबादेस काँग्रेसच्या कचेरींत परराष्ट्रखातें संभाळीत, तें पंडितजींच्याच हाताखालीं. १९४२ च्या भूमिगत लढ्यानें त्यांचें नांव गांवोगांव पोंचलेलें. मसानी तर काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकीं. त्या पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगांत जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता यांच्यासमवेत निघाली तेव्हां तेही तेथें कैदी होते. हे तिघेही काँग्रेसच्या वाड्यांतून भांडून बाहेर पडलेले भाऊबंद. चौथे दीनदयाळजी या वाड्यांत कधीं राहिलेच नव्हते. आणि चौघांत एकटे तेच हरले. मतदारानें काँग्रेसविरुद्ध कौल दिला असें म्हणण्यापेक्षां त्यानें आजच्या काँग्रेसविरुद्ध कालच्या काँग्रेसला कौल दिला, असें म्हणणें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें. तो रागावला होता, पण घर सोडून गेला नव्हता. थोरल्या भावाच्या कारभारास कंटाळून त्यानें विभक्त झालेल्या धाकट्याच्या दारांत पाऊल टाकलें होतें.

चार उदाहरणांवरून एवढा सिद्धांत काढणें धाडसाचें नव्हे काय, असा आक्षेप वाचक घेतील, व तो रास्त आहे. पोटनिवडणुकीचा एकच अर्थ घट्ट धरून बसल्यानें काय होतें याचा परदेशांतील एक प्रसिद्ध दाखला आहे. २५ ऑक्टोबर १९३३ रोजीं लंडनच्या ईस्ट फुलहॅम भागांत मजूर पक्षाच्या जॉन विल्मट यांनीं हुजूर पक्षाचें १४,५२१ मतांचें आधिक्य पुसून ४,८४० मतांनीं जागा घेतली. जर्मनी राष्ट्रसंघांतून बाहेर पडल्यास तेव्हां पंधरवडाही झाला नव्हता. विल्मट शांततेविषयीं बोलले होते. म्हणून लोकांना शस्त्रें नकोत, असा त्या निकालाचा अर्थ बॉल्डविन यांनीं मनाशीं धरला, व १९३६ सालीं पार्लमेंटांत त्याचाच दाखला देऊन आपल्या दिरंगाईचें समर्थन केलें. पुढील संशोधकांनीं कागदपत्रें चाळलीं तेव्हां घरांची टंचाई, भाडीं व बेकारांच्या मिळकतीची चौकशी हे विषयही तेथील प्रचारांत तितकेच गाजले होते, असें आढळलें. एका उपनगरांतील भाडेकरूंच्या रागाचा संबंध एका साम्राज्याच्या शस्त्रसज्जतेशीं जोडला गेला होता.

तेव्हां आमचाही अर्थ तपासून घेतलाच पाहिजे, आणि तपासण्याची कसोटी पुढील घटना हीच. बिगरकाँग्रेसवाद खऱ्या अर्थानें काँग्रेसबाहेरचा असता, तर १९६७ मध्यें जीं संयुक्त सरकारें आलीं त्यांच्या शिरोभागीं काँग्रेसबाहेरचीं माणसें दिसावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत काय दिसलें? उत्तर प्रदेशांत चरणसिंह मुख्यमंत्री झाले. त्यांनीं काँग्रेस सोडली १ एप्रिल १९६७ रोजीं व शपथ घेतली ३ एप्रिलला. मध्यप्रदेशांत गोविंदनारायण सिंह, हरियाणांत राव बीरेंद्र सिंह, बंगालांत अजय मुखर्जी, बिहारांत महामायाप्रसाद सिंह, हे सर्वच जुने काँग्रेसवाले. कांहीं वर्षांपूर्वीं बाहेर पडलेले, तर कांहीं कालपरवां. समाजवादी, जनसंघी व साम्यवादी यांनीं मिळून जें सिंहासन जिंकलें त्यावर बसवावयास त्यांना काँग्रेसचाच मनुष्य शोधून आणावा लागला. अमरोह्यांत जें झालें तेंच लखनौ, पाटणा व भोपाळ येथें मोठ्या प्रमाणावर झालें. अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत. मद्रासेंत अण्णादुराईंच्या द्रविड मुन्नेत्र कळघमनें स्वतःच्या बळावर राज्य घेतलें. त्या पक्षाचा स्वतःचा विचार होता, स्वतःचे लोक होते व पंधरा-सतरा वर्षांची मेहनत होती. ओरिसांत स्वतंत्र पक्षाचे सिंहदेव व पंजाबांत अकाली गुरनाम सिंह झाले. त्यांच्याही मागें संस्थानांतील निष्ठा व धर्मसंघटना अशीं काँग्रेसच्या बाहेर वाढलेलीं बळें होतीं. जेथें असें कांहींच नव्हतें तेथें काँग्रेसला वजा करून उरलें तें काँग्रेसचेंच शेष.

आणि असें शेष फार दिवस टिकत नाहीं. चरणसिंहांचें मंत्रिमंडळ अकरा महिनेही पुरतें चाललें नाहीं. न परवडणाऱ्या लहान जमिनीवरील सारा माफ करा, अशी समाजवाद्यांची निकड, आणि ती मान्य करण्यास मुख्यमंत्री नाखूष. जें भांडण पूर्वीं काँग्रेसच्या समितींत झालें असतें तें आतां मंत्रिमंडळांत झालें, एवढाच फरक. लोहियांना हें सर्व पाहावयास फार काळ मिळाला नाहीं. १९६७ मध्यें ते कनौजहून अगदीं थोड्या मतांनीं निवडून आले, आणि १२ ऑक्टोबरला वारले. आपल्या धोरणावर निष्ठुरपणें बोट ठेवण्याचें धैर्य त्यांच्या पक्षांत त्यांच्याइतकें कोणांत नव्हतें. म्हणून त्यांच्या मृत्यूनें बिगरकाँग्रेसवादाचा पुढारीच नव्हे, तर टीकाकारही गेला, असें आम्हांस वाटतें.

जौनपूरचा निकाल ज्या पक्षानें गमावला त्यानें तो कसा वाचला, हेंही पाहण्यासारखें आहे. जनसंघानें इतर विरोधकांशीं सहकार्य केलें, पण आपलें घर त्यांत मिसळून टाकलें नाहीं. शाखा, कार्यकर्ते, गांवोगांवचे संपर्क हें आपलें भांडवल त्यानें वेगळें राखलें. उत्तर प्रदेशाच्या विधानसभेंत १९६२ मध्यें त्याच्या ४९ जागा होत्या, त्या १९६७ मध्यें ९८ झाल्या. लोकसभेंत १४ च्या ३५ झाल्या. त्या पक्षाच्या विचारांशीं कोणाचा मतभेद असेल, आमचाही कांहीं बाबतींत आहे. परंतु चार पोटनिवडणुकांतील एकमेव पराभूत पक्षानें त्या चारांचा सर्वांत अधिक लाभ उठविला ही वस्तुस्थिति आहे. समाजवाद्यांनीं उलट केलें. १९६४ मध्यें दोन समाजवादी पक्ष एक झाले, १९६५ च्या आरंभीं पुन्हां फुटले, आणि पुढें प्रत्येक निवडणुकींत कोणाशीं जुळवावें या विवंचनेंतच त्यांचें बळ खर्च झालें. मधु लिमये यांच्या मनांतील जुनी शंका तर १९७९ मध्यें दुहेरी सभासदत्वाच्या वादाच्या रूपानें वर आली व जनता पक्षाच्या मुळाशीं गेली.

त्या चार मतदारसंघांनीं स्वतः मात्र आपल्या निकालांचा इतका बाऊ केलेला दिसत नाहीं. १९६७ सालीं फर्रुखाबाद काँग्रेसकडे परत गेलें. अमरोह्यानें साम्यवादी इसहाक संभली यांना निवडलें. कृपलानी त्या खेपेस रायपुराहून उभे राहून पडले. जौनपुरास राजदेव सिंह कायम राहिले. दीनदयाळजींनीं पुन्हां निवडणूक लढविली नाहीं, व फेब्रुवारी १९६८ मध्यें मोगलसराईच्या स्थानकाजवळ त्यांचा मृतदेह सांपडला. कामराज, ज्यांच्या योजनेनें या सर्वांचा इलाज व्हावयाचा होता, ते १९६७ मध्यें आपल्या विरुदुनगरांतच एका तरुण विद्यार्थी-पुढाऱ्याकडून हरले, आणि १९६९ च्या जानेवारींत नागरकोइलच्या पोटनिवडणुकीनें लोकसभेंत आले. त्या निकालावरूनही काँग्रेसच्या पुनरुज्जीवनाचे लेख लिहिले गेले, आणि वर्ष संपण्यापूर्वीं काँग्रेस दुभंगली. राजकोटनें तेवढें मसानींना १९६७ मध्यें पुन्हां निवडून दिलें. १९७१ मध्यें तेथें काँग्रेसचे घनश्याम ओझा जिंकले. स्वतंत्र पक्षाच्या ४४ जागांच्या ८ झाल्या, आणि मसानींनीं पक्षाचें अध्यक्षपद सोडलें.